न्हावा शेवा ते मोंबासा : मोटरसायकल जहाजाने पाठवणे आणि कस्टम्समधून सोडवून घेणे

न्हावा शेवा ते केनियाचं बंदर मोंबासा हे अंतर साधारण २४०० सागरी मैलांचं. पंधरा नॉट (ताशी पंधरा सागरी मैल) वेगाने चालणारं मालवाहू जहाज ते आठवड्याभरात कापतं. तरीही इथे खोका बंद केल्यापासून तिथे गाडीचं स्टार्टर दाबेपर्यंत महिना-दीड महिना हाताशी धरावा लागतो. उरलेले सगळे दिवस गाडी समुद्रावर नसतेच. ती एखाद्या शेडमध्ये कुठल्या तरी कागदाची वाट बघत उभी असते. म्हणून या कामातली खरी मेहनत खोका ठोकण्याआधीची आहे. झाकण बसलं की आपल्या हातात फारसं काही राहत नाही.

हे सगळं भारतात नोंदणी झालेल्या, स्वतःच्या नावावरच्या मोटरसायकलबद्दल आहे, जी पूर्व आफ्रिकेत फिरवून परत आणायची आहे. कायमचं स्थलांतर करताना गाडी नेणं किंवा तिकडे नेऊन विकणं यांचे नियम वेगळे, त्यांची इथे गल्लत करू नका.

कार्ने : गाडीचा पासपोर्ट

परदेशात गाडी तात्पुरती नेताना तिथली आयात ड्यूटी भरावी लागू नये म्हणून जो कागद लागतो तो म्हणजे कार्ने द पासाज आं दुआन. बोलताना सगळे नुसतं कार्ने म्हणतात. मुंबईत तो वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो. चर्चगेटला वीर नरिमन रोडवर त्यांचं कार्यालय आहे. असोसिएशन त्या देशाच्या कस्टम्सला हमी देते की ही गाडी परत बाहेर जाईल, न गेल्यास ड्यूटी आम्ही भरू. ही हमी द्यायची म्हणून ती तुमच्याकडून बँक गॅरंटी किंवा ठेव घेते. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही कुठल्या देशांत जाणार यावर ठरते. खर्चाचा हिशेब मांडताना ही रक्कम आधी बघा. ती परत मिळते, पण तोवर अडकून पडते.

कार्नेची मुदत एक वर्षाची आणि ती दिलेल्या तारखेपासून मोजली जाते, जहाज सुटल्यापासून नाही. उत्साहाच्या भरात तीन महिने आधी कार्ने काढला तर प्रवासाचे तीन महिने कमी होतात. जहाजाची जागा पक्की व्हायच्या साधारण महिनाभर आधी अर्ज करावा. कार्ने ५, १० किंवा २५ पानांचा मिळतो. एका देशात एकदा शिरून बाहेर पडलं की एक पान संपतं, त्याच देशात पुन्हा शिरलात तर दुसरं पान. नकाशा पुढ्यात ठेवून सीमा मोजा आणि दोन-तीन पानं जास्तीची धरा.

एका पानाचे तीन भाग असतात. खालचा भाग देशात शिरताना कस्टम्सवाले फाडून घेतात, मधला बाहेर पडताना. वरचा भाग पुस्तकातच राहतो आणि त्यावर येताना आणि जाताना असे दोन शिक्के पडतात. वरच्या भागावर दोन्ही शिक्के असणं हाच तुमचा पुरावा. हे चित्र डोक्यात पक्कं बसवा, कारण सीमेवरच्या प्रत्येक अधिकाऱ्याने कार्ने रोज हाताळलेला असेलच असं नाही.

याच्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढायचा, त्याचीही मुदत एक वर्ष. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्यायचं. मागच्या बाजूला पांढऱ्या लंबगोलात भारताची आयएनडी ही अक्षरं लावायची. आणि स्वतःसाठी पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यायची. केनियाहून परतताना तिचा दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात बसावं लागू शकतं.

नाव आणि नंबर

मराठी माणसाचं नाव इथे हमखास घोळ घालतं. आरसी बुकात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे गायब. मुंबईच्या खिडकीवरच्या माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे कळतं, मोंबासातल्या माणसाला कळेलच असं नाही. पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना. कार्ने, शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) आणि बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) या तिन्हींवर ते अक्षरशः तसंच उतरलं पाहिजे. आरसी वेगळी असेल तर आरटीओकडून दुरुस्त करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जवळ ठेवा.

दुसरा घोळ चासी नंबरचा. तो १७ अक्षरा-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, नेमकी एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. कुठल्याही कागदावर चासी नंबरात ओ दिसला तर ती टायपिंगची चूक आहे, तिथे शून्य हवा. आरसीवरून उतरवू नका. गाडीवरचा ठसा वाचा. आरटीओत गाडी पासिंगला नेताना घेतात तसा कागद ठेवून पेन्सिलीचा प्रिंट घ्या, चासीचा आणि इंजिनाचाही. तो कस्टम्स ब्रोकरला, म्हणजे कस्टम्सचे कागद करणाऱ्या एजंटला, द्या आणि एक प्रत कार्नेच्या पिशवीत ठेवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर जुना नंबर असेल तर आधी आरसी दुरुस्त करा, मग पुढचं.

किंमतही सगळीकडे एकच लिहा. कार्नेवर दोन लाख, शिपिंग बिलात सव्वा लाख आणि विम्यात तीन लाख असं दिसलं की प्रश्न येणारच.

भाव कसा घ्यायचा

एकटी गाडी जाते ती बहुधा एलसीएलने. म्हणजे बऱ्याच जणांचा सुटा माल एकत्र करून भरलेल्या कंटेनरमध्ये. भाव घनमीटरवर, धंद्याच्या भाषेत सीबीएमवर लागतो. नियम असा की एक घनमीटर किंवा १००० किलो, यातलं जे जास्त भरेल ते धरायचं. मोटरसायकलचा खोका पावणेतीनशे किलोच्या आसपास आणि दोन-तीन घनमीटरचा, त्यामुळे पैसे नेहमी आकारमानाचे पडतात. वजन वाचवून फायदा नाही, सेंटिमीटर वाचवा.

एलसीएलमधला मोठा सापळा म्हणजे स्वस्त समुद्रभाडं. काही कन्सॉलिडेटर (सुटा माल गोळा करून कंटेनर भरणारे) इथे नाममात्र भाडं सांगतात आणि उरलेला सगळा खर्च पोहोचण्याच्या बंदरात वसूल करतात : डिलिव्हरी ऑर्डरची (माल ताब्यात देण्याच्या आदेशाची) फी, हाताळणी, कंटेनर रिकामा करणं, कागदपत्रं, बंदराचे आकार (शुल्क). गाडी तिकडे त्यांच्या शेडमध्ये असते, त्यामुळे तेव्हा घासाघीस करायला जागा राहत नाही. कोटेशन मागताना मोंबासातले सगळे आकार डॉलरमध्ये, प्रति घनमीटर आणि प्रति बिल ऑफ लेडिंग असे लेखी मागा. तिथल्या एजंटचं नाव आणि किती दिवस मोफत साठवण मिळेल हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. जो फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणारा, ‘ते तिकडे गेल्यावर बघू’ म्हणतो त्याला सोडा, भाव कितीही कमी असो.

याच वेळी आणखी दोन गोष्टी विचारा. जहाज थेट जातं की सलाला, जेबेल अली, कोलंबो अशा ठिकाणी माल दुसऱ्या जहाजावर बदलतो? माल बदलला की एखादा आठवडा सहज वाढतो. आणि बिल ऑफ लेडिंगवर शेवटचं ठिकाण मोंबासाच लिहिलं जाणार ना? केनियात कंटेनर रेल्वेने नैरोबीच्या कोरड्या बंदरात नेण्याची पद्धत आहे. कागदावर नैरोबी पडलं तर तुम्ही मोंबासाच्या हॉटेलात आणि गाडी पाचशे किलोमीटर आत नैरोबीच्या एम्बाकासीला, अशी अवस्था होते.

चार-पाच जण मिळून जाणार असाल तर अख्खा वीस फुटी कंटेनर घ्या. आतून तो ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो. गाड्यांना खोका लागत नाही, जमिनीलगतच्या लॅशिंगच्या कड्यांना पट्ट्यांनी बांधल्या की झालं. शेडमध्ये सुट्या मालाची आदळआपटही टळते. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, ती पावती काट्यावरून घ्यावी लागते. एकच अडचण लक्षात घ्या : एकाचा कागद अडला की कंटेनरमधल्या सगळ्यांच्याच गाड्या अडकू शकतात. गटातला सर्वात आळशी माणूस गटाचा वेग ठरवतो, तेव्हा सगळ्यांचे कागद एकाच माणसाने एकत्र बसून तपासावेत.

युरोपकडे जाणारी बरीच जहाजं २०२३ च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. मोंबासाच्या वाटेवर तांबडा समुद्र लागत नाही, हा या मार्गाचा एक फायदा.

खोका

रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ धरून चालू. लांबी २१९० मिलिमीटर, रुंदी ८४०, उंची १३७०. काहीही न काढता खोका केला तर आतबाहेर सोडून २.३० × ०.९५ × १.५० मीटर लागतो, म्हणजे सुमारे ३.२८ घनमीटर. आता पुढचं चाक काढा, आरसे आणि काच काढा, हँडल क्लॅम्पमधून सोडवून टाकीवर निजवा, मागचं कॅरिअर आणि पॅनिअरच्या (बाजूच्या सामानपेट्यांच्या) पट्ट्या उतरवा. खोका साधारण २.०५ × ०.७५ × १.२० मध्ये बसतो : १.८५ घनमीटर. दोन्ही बंदरांतले बहुतेक आकार घनमीटरवर असल्यामुळे तासा-दीड तासाच्या या खटपटीने खर्च चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त खाली येतो. मात्र जे काढाल ते तिकडे, शेडबाहेरच्या उन्हात, जवळच्या हत्यारांनी स्वतः बसवता आलं पाहिजे. गॅरेजमध्ये एकदा संपूर्ण काढून पुन्हा बसवून बघा. कुठला पाना लागला ते लिहून ठेवा, तेवढीच हत्यारं बरोबर न्या.

पुढचं चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये लगेच लाकडाची किंवा जाड पुठ्ठ्याची पाचर घाला. नाही घातली आणि कुणी ब्रेकचा लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात, पॅड चिकटतात आणि मोंबासात चाक बसत नाही. कॅलिपर आणि एबीएसच्या सेन्सरची वायर ताण न येईल अशी फोर्कला बांधा. हँडल सोडवण्याआधी क्लॅम्पवर पेंटने खूण करा. बोल्ट जिथले तिथे दोन आटे फिरवून ठेवा, ते शक्य नसेल तर कापडी थैलीत नाव लिहून. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नकोत, केनियात त्यांच्यावर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे.

आता तळ. गाडीचा सगळा भार तळावर असतो, त्यामुळे पैसे वाचवायचे तर बाजूंच्या प्लायमध्ये वाचवा. खाली चार बाय तीन इंची तीन ठोकळे आडवे, म्हणजे फोर्कलिफ्टच्या काट्यांना शिरायला जागा राहते. त्यावर इंची फळ्या. पुढच्या फोर्कसाठी फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगलचा छोटा स्टँड करून घ्या. तो एम-१२ बोल्टने, खाली मोठे वॉशर लावून, तळाच्या आरपार आवळायचा. एक्सल पुन्हा फोर्कमध्ये घालून त्या स्टँडवर बसवा. मागच्या चाकाच्या पुढे आणि मागे अडण्या ठोका. गाडी साइड स्टँडवर किंवा सेंटर स्टँडवर कधीही सोडू नका. जहाज डुलतं तेव्हा सगळं वजन त्या एका टोकावर येतं आणि फळी फुटते.

बांधायला चार रॅचेट पट्टे. पुढचे दोन खालच्या ट्रिपल क्लॅम्पपासून, मागचे दोन फ्रेमपासून. हँडलच्या टोकांना, पॅनिअरच्या पट्ट्यांना किंवा प्लॅस्टिकला हुक लावायचा नाही. धातू धातूला घासू नये म्हणून मध्ये कापडी फास वापरा. पट्टा आवळल्यावर गाडी दाबून बघा, सस्पेन्शन थोडं बसलेलं राहिलं पाहिजे. चाक न काढता पाठवत असाल तर फोर्क त्याच्या एकूण चालीच्या एक तृतीयांश इतकाच दाबा. हिमालयनची पुढची चाल २०० मिलिमीटर आहे, म्हणजे साठ-सत्तर मिलिमीटर. महिनाभर पूर्ण दाबून ठेवलेल्या फोर्कचे सील गळायला लागतात. टायरमध्ये हवा नेहमीएवढी भरा, ती कमी झाली की पट्टे सैल पडतात.

लाकडाबाबत तडजोड नाही. तळाचे ठोकळे, फळ्या, अडण्या असं सगळं भरीव लाकूड आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे उष्णता दिलेलं हवं : गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, भारताची आयएन ही अक्षरं, कारखान्याचा क्रमांक आणि एचटी (उष्णता दिलेलं) असा शिक्का जाळून किंवा छापून मारलेला असतो. प्लायवूडला हा नियम लागू नाही. गोची होते ती अशी की पॅकिंगवाला शिक्क्याचं लाकूड वापरतो आणि शेवटी फट बुजवायला शेजारचा बिनशिक्क्याचा तुकडा ठोकतो. तेवढ्यावरून खोका अडू शकतो. ठोकताना तिथे उभे राहा.

बाजूंना १२ मिलिमीटर प्लाय, कोपऱ्यांना उभे खांब आणि झाकण मजबूत. ‘वर माल ठेवू नये’ असं चारही बाजूंना लिहा, पण ठेवतील असं समजूनच खांब लावा. हँडलच्या मानेपाशी, जिथे चासी नंबरचा ठसा आहे, त्या बाजूची फळी खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने बसवा. कस्टम्सच्या अधिकाऱ्याला नंबर बघायचा असतोच. स्क्रूची फळी दोन मिनिटांत उघडते आणि परत बसते. खिळ्यांची असेल तर हमाल पहार घालतात आणि खोक्याची ती बाजू पुन्हा कधी सरळ होत नाही. बाहेरून कंपनीचं नाव लिहू नका. आत काय आहे ते चोराला कशाला सांगा.

पेट्रोल पूर्ण काढा. पाइपने ओढून झालं की इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हा नुसता फॉरवर्डरचा आग्रह नाही. सागरी मालाच्या नियमांत मोटरसायकल यूएन ३१६६, वर्ग ९, अशी धोकादायक मालात मोडते. टाकी निथळलेली, इंधनाअभावी गाडी चालूच होऊ शकत नाही अशी अवस्था आणि बॅटरी शॉर्ट सर्किटपासून सुरक्षित, या अटी पाळल्या तर तिला त्यातून सूट मिळते. म्हणून बॅटरीची ऋण तार आधी काढा, मग धन, दोन्ही टोकांना टेप गुंडाळा, आणि गॅरेजकडून तसं पत्र लिहून घ्या. बाजारातली लिथियमची बॅटरी बसवलेली असेल तर पाठवण्यापुरती साधी लेड-ॲसिडची लावा. पॉवर बँक खोक्यात टाकू नका.

ओल हा दुसरा शत्रू. दिवसा कंटेनर तापतो, रात्री गार होतो आणि छताला धरलेलं पाणी खाली ठिबकतं. झाकणाच्या आतून प्लॅस्टिकचा कागद लावा, पण गाडी त्यात घट्ट गुंडाळू नका, ओल आत कोंडते. साखळीला भरपूर ग्रीस, उघड्या धातूला तेलाचा हात (डिस्क सोडून), अर्धा-एक किलो सिलिका जेलच्या पिशव्या, सायलेन्सरच्या तोंडात बोळा. त्या बोळ्याची चिठ्ठी किल्लीला बांधा. जून ते सप्टेंबरमध्ये पाठवत असाल तर न्हावा शेव्याच्या उघड्या यार्डात खोका पावसात उभा राहील हे धरूनच चाला.

हेल्मेट, कपडे, हत्यारं खोक्यात ठेवता येतात, पण प्रत्येक वस्तू पॅकिंग लिस्टमध्ये हवी. ड्रोन ठेवू नका, केनियात त्याला आधी परवानगी लागते. मसाले, लोणची, बी-बियाणं नको. शेवटी झाकण लावण्याआधी चारही बाजूंनी, ओडोमीटरचा आणि चासी नंबरचा फोटो काढा.

न्हावा शेव्यात

खोका ट्रकने सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कस्टम्स-मान्य शेडमध्ये जातो. कस्टम्स ब्रोकर शिपिंग बिल भरतो. व्यापाराशी संबंध नसलेल्या वैयक्तिक मालाला आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आयईसी लागत नाही, हे ब्रोकरला माहीत असेल तरच त्याला काम द्या. केमिकल आणि कापडाचे कंटेनर रोज सोडणाऱ्यालाही कार्नेचं काम नवखं असू शकतं.

शिपिंग बिल सादर होण्याआधी त्याची चेकलिस्ट तुम्हाला पाठवली जाते. ती ओळ न ओळ वाचा. वर्णनात नोंदणी क्रमांक, चासी नंबर, इंजिन नंबर, कार्नेचा क्रमांक आणि पर्यटनासाठी तात्पुरती निर्यात, परत आणणार, हे सगळं आलं पाहिजे. वर्षभराने गाडी परत येईल तेव्हा हीच ती गाडी आहे हे याच कागदावरून सिद्ध होतं. नुसतं ‘एक जुनी मोटरसायकल’ असं लिहिलं तर परतीला तुमच्याच गाडीवर आयात ड्यूटी मागितली जाऊ शकते. कार्नेवर इथल्या कस्टम्सची नोंद कशी हवी हेही आधी असोसिएशनकडून लेखी घेऊन ब्रोकरच्या हातात द्या.

तपासणी झाली की निर्यातीची परवानगी, म्हणजे एलईओ मिळते. मग माल कंटेनरमध्ये भरला जातो. मूळ कार्ने, पासपोर्ट आणि आरसी कुणाकडेही सोडून येऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

जहाज सुटल्यावर बिल ऑफ लेडिंग मिळतं. त्याचा मसुदा आधी येतो, तिथेच शेवटची संधी असते. कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, जागी तुमचं पासपोर्टवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक. वर्णनात ‘वापरलेली मोटरसायकल, पर्यटनासाठी, विक्रीसाठी नाही, कार्ने क्रमांक अमुक’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य. ते नसेल तर तिकडे कुणीतरी ही नेहमीची आयात समजून भलत्याच रांगेत लावतं. मूळ तीन प्रती बरोबर बाळगण्यापेक्षा बिल इथेच सरेंडर करून टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ प्रतीशिवाय माल सोडण्याचा संदेश, घ्या. कागद हरवण्याची भीती राहत नाही. मात्र हे केल्यावर फॉरवर्डरवरचा तुमचा दाब संपतो, तेव्हा आधी हिशेब पूर्ण करा.

विमा

मालाचा सागरी विमा काढा आणि पॉलिसीत इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘ए’, म्हणजे सर्वात व्यापक संरक्षणाचं कलम, आहे का ते बघा. वापरलेल्या गाडीचे ओरखडे आणि गंज बहुतेकदा वगळलेले असतात, ते ठीक आहे. विमा ओरखड्यांसाठी नसतोच. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा शेव्याला येणाऱ्या वान हाय ५०३ या कंटेनर जहाजाला केरळच्या किनाऱ्यासमोर आग लागली. असं काही घडलं की ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर होऊ शकतं. जहाज वाचवायला झालेला खर्च सगळ्या मालकांनी मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, हा सागरी व्यापाराचा फार जुना कायदा आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन या जहाजाच्या वेळी हेच झालं. तुमच्या खोक्याला धक्काही लागला नसला तरी वाटा भरल्याशिवाय तो हातात पडत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते.

मोंबासात

गाडीच्या आधी किंवा तिच्याबरोबर तुम्ही पोहोचलेलं बरं. मोफत दिवस संपले की साठवणीचं भाडं रोज चढतं. विमान शक्यतो रविवारी उतरेल असं बघा, म्हणजे सलग पाच कामाचे दिवस मिळतात. १ जून, २० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर या केनियाच्या राष्ट्रीय सुट्ट्या. ईस्टरला आणि ईदलाही कामं थांबतात.

क्रम असा. कन्सॉलिडेटरच्या एजंटकडून माल आल्याची सूचना येते. त्याचे पैसे भरून डिलिव्हरी ऑर्डर घ्यायची. परवानाधारक क्लिअरिंग एजंट कस्टम्सच्या प्रणालीत नोंद करतो. अधिकारी शेडमध्ये येऊन चासी नंबर कार्नेशी ताडून बघतो. कार्नेवर प्रवेशाचा शिक्का पडतो. सीएफएसचे आकार भरले की गेटपास. एजंट निवडताना एकच प्रश्न विचारा : ‘गेल्या वर्षभरात कार्नेवर किती गाड्या सोडवल्या?’ उत्तर गोलमोल आलं तर दुसरा बघा. त्याची फी आणि सरकारी आकार वेगवेगळे लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा.

शिक्का पडल्यावर काउंटर सोडण्याआधी पान वाचा. खालचा भाग फाडून घेतलाय का? वरच्या भागावर शिक्का, तारीख आणि सही आहे का, तारीख वाचता येते का? कस्टम्सने कार्नेच्या मुदतीपेक्षा कमी दिवस लिहिले आहेत का? चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. सीमेवर सापडली तर पुन्हा मोंबासाला यावं लागतं.

खोका उघडताना पट्टे सोडण्याआधी फोटो काढा. मोडतोड दिसली तर गेटपास घेण्याआधीच शेडच्या नोंदीत लिहून घ्या. बाहेर पडल्यावर केलेला दावा विमा कंपनी सहसा मानत नाही. पेट्रोलसाठी रिकामा कॅन घेऊन बोडा-बोडाने, म्हणजे तिथल्या मोटरसायकल टॅक्सीने, जवळच्या पंपावर जाऊन या. चाक बसवलं की पॅडमधली पाचर काढा, ब्रेकचा लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा आणि मगच गाडी ढकला. किल्लीला बांधलेली चिठ्ठी वाचा.

रस्त्यावर यायच्या आधी तिथला तिऱ्हाईत (थर्ड पार्टी) विमा हवा. पुढे युगांडा, रवांडा, झांबिया, मलावी असं जायचं असेल तर कोमेसा या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकी देशांच्या व्यापार गटाचं यलो कार्ड मागा. ते त्या देशांतही चालतं. केनियात वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, त्यामुळे तिथे ती एक सवय बदलावी लागत नाही; रवांडात मात्र ती उजव्या बाजूने आहे.

बाहेर पडताना

शिरताना सगळे कागदांकडे लक्ष देतात, बाहेर पडताना घाई करतात. रात्रीच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मिळाला आणि कार्ने तसाच बॅगेत राहिला, तर त्या देशाच्या लेखी गाडी तिथेच आहे. काही महिन्यांनी असोसिएशनकडे ड्यूटीची मागणी येते आणि ती तुमच्या ठेवीतून वळती होऊ शकते. सीमेवर खिडक्या दोन असतात, माणसांची आणि गाडीची. दुसरी शोधल्याशिवाय पुढे सरकू नका.

परतीचा खोका मोंबासात नवा बनवावा लागेल, त्यावर केनियाचा एचटी शिक्का हवा. तळाचा अँगल स्टँड मात्र जपून ठेवा, तो पुन्हा कामाला येतो. भारतात परत आल्यावर कस्टम्सला जुनं शिपिंग बिल दाखवून गाडी सोडवायची, कार्नेवर परतीची नोंद करून घ्यायची आणि पुस्तक मुदतीच्या आत चर्चगेटला जमा करायचं. पुस्तकाच्या शेवटी गाडी प्रत्यक्ष कुठे आहे याचा दाखला देणारं एक पान असतं. मध्ये कुठला शिक्का राहिला असेल तर कस्टम्सकडून ते भरून घ्या. असोसिएशन प्रत्येक पानावरचे दोन्ही शिक्के तपासते आणि त्यानंतरच बँक गॅरंटी मोकळी होते.